पिशवी कोणत्या हातात होती?

वह्या मिटा. रंगांच्या पेट्याही टेबलाखाली ठेवा. आज कोणीही ब्रश ओला करणार नाही.

मागच्या रविवारी तुम्ही गेल्यावर मी तुमच्या वह्या घरी घेऊन गेले. अकरा वह्या. जूनमध्ये, पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात, मीच तुम्हाला त्या घ्यायला लावल्या होत्या. साध्या कार्ट्रिज कागदाच्या, पर्समध्ये किंवा लॅपटॉपच्या बॅगेत मावतील एवढ्या. नियम एकच सांगितला होता: रोज एक रेखाटन आणि खाली कोपऱ्यात तारीख. चित्र चांगलं आहे का वाईट, हे मी बघणार नाही, तारीख बघेन. आज दिवाळी तोंडावर आली. अकरापैकी तीन वह्यांत शंभराच्या आसपास पानं भरली आहेत. चार वह्यांत दहा-बारा. दोन ऑगस्टमध्ये थांबल्या. उरलेल्या दोन वह्यांत एकाच बैठकीत, एकाच पेनाने काढलेली पंधरा-पंधरा चित्रं आहेत आणि त्यांच्याखाली पंधरा वेगवेगळ्या तारखा आहेत.

त्या दोघांची नावं मी घेणार नाही. पण ओळखू येतं, हे लक्षात ठेवा. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वही कशी भरतात, ते मला रेघेवरून कळतं. रोज काढलेल्या रेघेत एक दिवस कंटाळा असतो, एक दिवस बसचा हादरा असतो, कधी चष्मा घरी राहिलेला असतो. पंधरा दिवस माणूस एकसारखा राहत नाही, मग त्याची रेघ कशी राहील? आठवीतल्या मुलांनी हे केलं की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करायची. तुम्ही चाळिशी-पन्नाशीची माणसं आहात, कोणाची मुलं कॉलेजात आहेत. कोरं पान घेऊन माझ्यासमोर आलात तर मी रागावेन, पण ते पान खरं असेल. खोटी तारीख घालून तुम्ही मला फसवलं नाहीत. ज्या दिवशी तुम्ही स्वतः उघड्या डोळ्यांनी काहीतरी बघायला हवं होतं, तो दिवस तुम्ही बघितल्याचं नाटक केलंत.

आता त्या मोठ्या चित्राबद्दल बोलते, कारण ते दाखवलं त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी वाहवा केली आणि मी दोन प्रश्न विचारून गप्प राहिले, ती माझी चूक झाली.

आपल्या घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीच्या नाक्याचं चित्र होतं. मिश्र माध्यम. मेट्रोचे खांब करड्या अ‍ॅक्रिलिकमध्ये बारीक वाळू कालवून उभे केले होते. ओल्या डांबराला ग्लॉस मिडियम. होर्डिंगच्या जागी वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले, त्यावर पातळ पांढरा हात, आभाळ स्पंजने थोपटलेलं आणि खांबाच्या कडेला सोनेरी रेघ. मेहनत होती, पैसेही लागले असतील. खांबाखाली एक बाई उभी होती, हातात पिशवी. मी एवढंच विचारलं होतं, पिशवी कोणत्या हातात आहे? ते चित्र काढणारे तुम्ही म्हणालात, डाव्या. मी म्हटलं, मग ती बाई सरळ कशी उभी आहे? भाजीने भरलेली पिशवी एका हातात असली की धड दुसऱ्या बाजूला झुकतं, रिकामा हात अंगापासून थोडा सुटतो, एका पायावर जास्त भार येतो. तुमची बाई खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखी होती. मग तुम्ही सांगितलंत की नाक्याचा फोटो होता, बाई त्यात नव्हती, कंपोझिशनसाठी नंतर घातली.

ती बाई रोज सकाळी त्या थांब्यावर असते. तीच असेल असं नाही, पण कोणीतरी असतेच. तुम्ही तिच्या समोरून रोज जाता. तिला एकदाही न बघता तुम्ही तिला चित्रात उभं केलंत आणि तिच्याभोवती वाळू, कागद, सोनं रचलंत. तुम्ही बघितलेलं नव्हतं, ती उणीव तुम्ही सामानाने झाकायला गेलात. या वर्गातल्या बहुतेकांचं हेच चाललंय. जूनपासून तुम्ही विकत काय काय आणलंत ते मला माहीत आहे. टेक्श्चर पेस्ट, स्टेन्सिल, जेलची पाटी, छत्तीस रंगांचा सेट. आणि वहीत बारा पानं.

मिश्र माध्यमाबद्दल माझं मत वाईट आहे असं समजू नका. मीच तुम्हाला ते शिकवायला घेतलं. पण घरात असेल ते सगळं एका कागदावर ओतणं म्हणजे मिश्र माध्यम, ही समजूत आज डोक्यातून काढा. प्रत्येक माध्यमाचा स्वभाव असतो आणि दोन माध्यमं एकत्र आली की कोण कोणाला धरतं, कोण कोणाला झिडकारतं, हे आधी माहीत करून घ्यावं लागतं. तेलखडूवर अ‍ॅक्रिलिक लावलंत तर आज झकास दिसेल आणि पुढे कधीतरी नखाने सोलून निघेल, कारण तेलकट थराला ते चिकटतच नाही. पण मेणाचा खडू आधी आणि त्यावर जलरंगाचा पातळ वॉश, हे चालतं, कारण तिथे मेणाने पाणी झिडकारावं हेच आपल्याला हवं असतं. पावसाची सर, रात्री ओल्या रस्त्यावर पडलेल्या दिव्यांच्या तिरिपी, हे त्याने सुंदर येतं. कोळशाच्या रेखाटनावर फिक्सेटिव्ह न मारता डिंक फिरवलात की काळा चिखल होतो. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडाने पिवळं पडतं. ते पिवळेपण चित्राला हवं असेल तर जरूर वापरा. माहीत नसताना वापरू नका.

तुमच्यातल्या एकाने गायमुखला खाडीकाठी दोन तास बसून पेनाने रेखाटन केलं होतं. चांगलं रेखाटन होतं, होड्यांचे उतार बरोबर होते. घरी येऊन त्यावर वॉश टाकला आणि सगळं चित्र जांभळं झालं. पेनाची शाई पाण्यात विरघळते का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. एक रेघ काढायची, वाळू द्यायची, तिच्यावर ओला ब्रश फिरवायचा. वहीची शेवटची दहा पानं मी यासाठीच राखून ठेवायला सांगितली होती. कोणता कागद, कोणता रंग, कशावर काय, किती वेळाने काय झालं, खाली तारीख. ती पानं फक्त तिघांनी भरली आहेत. ज्यांनी रोज रेखाटलं तेच ते तिघे, हे मी मुद्दाम सांगते.

आणि इथल्या हवेचा विचार कोण करणार? आपल्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचं जंगल. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातला कागददेखील दमट होतो, वॉश तासभर वाळत नाही, पातळ कागद पापडासारखा उठतो आणि कपाटाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या चित्रांवर बुरशीचे ठिपके येतात. म्हणून ३०० जीएसएमचा कागद, म्हणून चारी बाजूंनी कागदी पट्टी लावून पाटावर ताणणं. हे मी जूनमध्ये सांगितलं, जुलैमध्ये करून दाखवलं, आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही मला विचारलंत की बाई, चित्र वाकडं का झालं?

साधनांवरून एक गोष्ट सांगते. डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. त्यांच्याकडे काय होतं? गेरूचा रंग, तांदळाच्या पिठाची पांढरी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वारल्यांचं चित्र पूर्वी लग्नाच्या चौकापुरतं होतं आणि बायकांच्या हातचं होतं. या माणसाने ते स्वतःचं रोजचं काम केलं. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं बघा. काडीने ओढलेल्या बारीक पांढऱ्या रेघा आणि त्यातून सगळा कागद भरून जाळं पसरतं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. इथून अर्ध्या तासावर येऊरमध्येही वारली पाडे आहेत. तुमच्यातल्या निम्म्यांनी बाटल्यांवर आणि ट्रेवर त्रिकोणी माणसं काढून त्याला वारली म्हटलं आहे. त्या पाड्यांवर जाऊन, परवानगी मागून, एखाद्या घराच्या कुडाचं रेखाटन तुमच्यापैकी किती जणांनी केलं? एकानेही नाही.

वेळ नाही, हे मी या खोलीत दर रविवारी ऐकते. बँकेतल्या साहेबांना मार्च एंड असतो, नंतर ऑडिट असतं. आयटीवाल्यांना रात्रीचे कॉल. घर सांभाळणाऱ्या बायकांना सगळ्यांत कमी वेळ, आणि शंभर पानांच्या त्या तीनपैकी दोन वह्या त्यांच्याच आहेत. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने वेळ नाही म्हणावं, हे मला पटत नाही. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत आपण रोज किती तास अडकून पडतो? जो गाडी चालवतो त्याने रस्त्यावरच डोळे ठेवावेत, त्याला मी काही सांगत नाही. पण टीएमटीच्या किंवा कंपनीच्या बसमध्ये, रिक्षात मागच्या सीटवर बसलेली माणसं काय करत असतात? समोरच्या ट्रकच्या मागे बांधलेली ताडपत्री, खांबाला टेकून डबा खाणारा कामगार, दुभाजकावर बसलेली पोरं. हादऱ्याने रेघ हलेल. हलू दे. हललेली रेघ सुद्धा त्या दिवसाचीच आहे.

आपल्याच ठाण्यातलं उदाहरण देते, म्हणजे कोणी म्हणू नये की चित्रकारांचं आयुष्य वेगळं असतं. सुधीर पटवर्धन. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिलेलं नाही. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. 'इराणी रेस्टॉरंट' हे चित्र १९७७ चं आहे, 'ट्रेन' १९८० चं, 'लोअर परेल' २००१ चं. सगळी डॉक्टरकी चालू असतानाची. तीस वर्षं दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात शहर. २०१९ मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. मी ते दोनदा पाहिलं. त्या चित्रांतली माणसं बघताना मला सारखं जाणवत होतं की यांच्या अंगाला वजन आहे. लोकलमध्ये टेकलेला माणूस खरोखर टेकलेला आहे. पुलावरून चालणाऱ्याचा पाय खरोखर जमिनीवर पडलाय. हाडं कुठे असतात हे त्या डॉक्टरला माहीत होतंच, पण तेवढ्याने असं चित्र होत नाही. ठाण्याच्या, उल्हासनगरच्या रस्त्यांवरच्या माणसांकडे कोणीतरी वर्षानुवर्षं टक लावून पाहिल्याशिवाय ते वजन येत नाही. तुमच्या बाईला ते वजन का नाही, हे आता तरी कळलं का?

चित्रकार प्रभाकर बरवेंचं नाव तुम्ही ऐकलं आहे, त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक तुमच्यातल्या दोघांनी माझ्याकडून नेऊन अजून परत केलेलं नाही. बरवेंनीही विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षं नोकरी केली. आणि ते डायऱ्या लिहीत, त्यांत रेखाटत, विचार करत. त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, २०१९ मध्येच, त्याच गॅलरीत त्यांच्या चित्रांबरोबर त्या डायऱ्याही मांडल्या होत्या. मोठ्या कॅनव्हासवरची ती शांत, मोकळी जागा कुठून आली असेल, हे त्या छोट्या पानांशी वाकून उभं राहिल्यावर मला थोडं कळलं.

आता दुसरी सबब, मूड. तुमच्यातल्या एका ताईंनी मला सांगितलं, बाई, मी कारवीसारखी आहे, सात वर्षांतून एकदा फुलेन पण भरभरून फुलेन. ऐकायला गोड आहे. पण ताई, तुम्ही कारवी फुललेली असतानाच बघितली आहे. फुलत नसते तेव्हा येऊरला जाऊन बघा. दर पावसाळ्यात तिला पानं फुटतात, दर पावसाळ्यात ती वाढते, काडी जाड होत जाते. उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पण मेलेली नसते. एवढी वर्षं तिने ते केलेलं असतं म्हणून डोंगर जांभळा होतो. तुमच्या वहीत ऑगस्टनंतर काडीसुद्धा नाही.

याच डोंगराबद्दल माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे. तुमच्यापैकी सहा जणांच्या खिडकीतून तो दिसतो. एकाच्या तर तेविसाव्या मजल्यावरून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मी सांगितलं होतं, दुसरं काही सुचलं नाही तर रोज सकाळी सातला खिडकीत उभं राहा आणि डोंगराची फक्त कडा आणि रंग घ्या, पोस्टकार्डाएवढा चौकोन, दहा मिनिटं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो निळसर करडा होता. जुलैत ढगांनी अर्धा पुसला. ऑगस्टमध्ये हिरवा झाला, आणि तो हिरवा ट्यूबमधून पिळलेला सॅप ग्रीन नव्हता. त्यात थोडी बर्न्ट सिएना घातल्याशिवाय तो येतच नाही. आता गवत पिवळं पडायला लागलंय. मार्चपर्यंत सगळा तपकिरी होईल. जूनपासून डोंगर रोज बदलत तुमच्या खिडकीत उभा होता, आणि तुमच्याकडे त्यातला एक रंगही नाही. मोबाइलमध्ये फोटो आहेत म्हणू नका. फोटो बघून तो हिरवा कालवायला बसा, मग तुमचं तुम्हालाच समजेल.

मी हे इतक्या कठोरपणे का बोलते, ते एकदा सांगून टाकते. यजमानांच्या आजारपणात दोन वर्षं मी पेन्सिल हातात धरली नाही. तेव्हा मी वाघबीळला राहत होते. नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला एक वर्षावृक्ष होता, हॉस्पिटलला जाता-येता रोज त्याच्याखाली रिक्षासाठी थांबायची. पंधरा-वीस मिनिटं, रोज. पिशवीत डबा असायचा, फाइल असायची, पेनही असायचं. सारखं वाटायचं, हे सगळं निस्तरलं की याचं चित्र करायचं, चांगलं मोठं करायचं. एके दिवशी गेले तर झाड नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी मी बसले आठवायला. शाळेत तीस वर्षं स्मरणचित्र शिकवलेली बाई मी. मला त्याची मोठी फांदी रस्त्याकडे वळली होती का दुकानांकडे, हे आठवेना. आजही आठवत नाही. सातशे दिवस त्याच्याखाली उभी राहिले आणि ते माझ्याकडे नाही. हात परत मोकळा व्हायला चार महिने गेले, ते गेले तर गेले. झाड गेलं ते मात्र गेलंच.

हा सगळा रस्ता तसाच आहे. खांब उभे राहतायत, चाळींच्या जागी टॉवर येतायत, ओवळ्याच्या बाजूला अजून शेताचे तुकडे दिसतात ते किती दिवस दिसतील मला सांगता येत नाही. घोडबंदरचा किल्ला राहील, पण त्याच्याकडे जाणारी वाट आज दिसते तशी राहणार नाही. तुम्ही इथे राहता. दुसरं कोणी येऊन हे काढणार नाही.

तेव्हा आता ऐका. दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून वर्ग तीन आठवड्यांनी. तोवर मिश्र माध्यम बंद. साधं बॉलपेन, खोडरबर नाही, पट्टी नाही. रोज दोन माणसं, उभी किंवा बसलेली, वजन उचललेली असली तर उत्तम. एकवीस दिवस, बेचाळीस रेखाटनं. ज्या दिवशी जमलं नाही, त्या दिवशीचं पान कोरं ठेवायचं आणि त्यावर तारीख घालायची, भरून काढायचं नाही. कोरी पानं मी मोजणार आहे आणि त्याबद्दल विचारणार आहे. घरात फराळाची गडबड असेल, तर चकल्या पाडणारे हात काढा. चकलीचा सोऱ्या दाबताना मनगट कसं वळतं ते मला दोन वर्षांत कोणी नीट काढून दाखवलेलं नाही. ज्यांच्या शंभर पानांच्या वह्या आहेत, त्यांनी माझ्याकडे थांबा. तुमच्या चौदा ऑगस्टच्या आणि नऊ सप्टेंबरच्या पानांवरून आपण मोठं चित्र सुरू करणार आहोत, आणि त्यात कोळसा कुठे थांबवायचा ते मला तुमच्याबरोबर बसून ठरवायचं आहे. खोट्या तारखा घातलेल्या दोघांनी त्या तारखांवर स्वतःच्या हाताने काट मारून वही परत आणायची.

आणि नाक्याचं ते चित्र तसंच ठेवा, फाडू नका. उद्या सकाळी साडेसातला कासारवडवलीच्या थांब्यावर जाऊन उभे राहा. पिशवी कोणत्या हातात होती, ते मला बघून येऊन सांगा.